बरणीतला पैसा

पाळीव प्राणी म्हटला, की डोळ्यांपुढे उभा राहतो तो दारातला कुत्रा, नाही तर मांडीवर घुरघुरणारे मांजर. हाक मारली तर धावत येणारे प्राणीच माणसाला प्रिय होतात. आपल्याला कधीही ओळखणार नाही अशा जिवाला जीव लावणे मात्र कठीण. जिंतूरच्या एका शेतकऱ्याच्या मुलाने एका पावसाळ्यात ते करून पाहिले.

जिंतूर हे परभणी जिल्ह्यातील तालुक्याचे गाव. जवळ नेमगिरीचा डोंगर आणि सभोवती काळी जमीन. पहिला पाऊस पडला, की बांधावर पैसे फिरू लागतात. बोट लागताच हा प्राणी वेटोळे करून नाण्यासारखा गोल पडून राहतो. पैसा हे नाव त्याला शोभते. शेतकरी त्याला वाणीही म्हणतात. कुजका पालापाचोळा हे त्याचे अन्न. परंतु संख्या वाढली, की सोयाबीनची आणि कापसाची कोवळी रोपेही तो कुरतडतो.

त्या वर्षी तसेच झाले. वडिलांनी संध्याकाळी शेतात ओल्या गवताचे लहान लहान ढीग ठेवले. सकाळी ढिगांखाली जमलेले पैसे वेचून मिठाच्या पाण्यात टाकण्याचे काम मुलाकडे आले. वेचता वेचता एक पैसा त्याच्या तळहातावर थांबला. त्याचे पाय धड होते, दोन्ही मिशा शाबूत होत्या. तो चटकन गुंडाळला गेला आणि थोड्या वेळाने सावधपणे उलगडून चालू लागला.

“बाबा, हा मी पाळू?” मुलाने विचारले.

“ज्याने आपले पीक खाल्ले, त्याला?” वडील म्हणाले. मग मुलाच्या मुठीकडे पाहून हळूच म्हणाले, “ने. पण पुन्हा या शेतात आणायचा नाही.”

रुंद तोंडाची बरणी आली. झाकणाला भोके पडली. फवारणी न झालेल्या जागेची भुसभुशीत माती वीतभर भरली गेली. वर कुजका पाला आणि मऊ पडलेले लाकूड आले. पैशाच्या अंगात ओल टिकत नाही. म्हणून बरणी सावलीत ठेवून रोज पाणी शिंपडावे लागे. कधी काकडीची फोड, कधी अंड्याच्या टरफलाचा चुरा त्याला मिळे. गोम डसते, पैसा डसत नाही. परंतु भ्याला म्हणजे अंगातून झोंबणारा द्रव सोडतो. म्हणून त्याला हाताळल्यावर हात धुण्याचा नेम मुलाने पाळला.

काचेवरून तो चढू लागला, की मुलगा पाय मोजी. बहुतेक प्रत्येक वळ्याला पायांच्या दोन जोड्या! पुस्तकात त्याला सहस्रपाद म्हणतात. पण खरोखर हजारांहून अधिक पाय असलेली जात 2021 साली प्रथम जगापुढे आली. ऑस्ट्रेलियात जमिनीखाली खोल सापडलेल्या त्या प्राण्याला 1,306 पाय होते.

एके दिवशी पैसा दिसेनासा झाला. मुलगा माती उकरू लागला, तोच आजीने हात धरला.

“बी पेरल्यावर रोज उकरून पाहतात का रे?”

आजीचे म्हणणे खरे होते. पैसा मातीत शिरून कात टाकतो. त्या वेळी त्याचे अंग इतके मऊ असते, की धक्का लागला तरी जीव जावा. मुलगा रिकाम्या दिसणाऱ्या बरणीत रोज पाणी शिंपडीत राहिला. तीन आठवड्यांनी पैसा वर आला, नव्या अंगाने चकाकत.

पावसाळा सरता सरता वडिलांनी बरणीत डोकावून पाहिले. पाला जवळजवळ संपला होता. त्याच्या जागी काळसर, दाणेदार चुरा पडला होता. त्यांनी चिमूटभर उचलून बोटांत चोळला.

“हे तर खत आहे,” ते म्हणाले.

दुसऱ्या दिवशी मुलाने पैशाला नेमगिरीच्या पायथ्याशी, झाडांखालच्या पाचोळ्यात सोडले. त्याने मागे वळून पाहिले नाही. ती त्याची रीतच नव्हती. मुलगा मात्र बराच वेळ तिथे उभा होता.

पुढच्या वर्षी शेतात गवताचे ढीग पुन्हा पडले. रोपे वाचवणे भागच होते. मात्र या खेपेला वेचणीच्या बादलीत वडिलांनी मिठाचे पाणी ओतले नव्हते. संध्याकाळी बापलेक ती भरलेली बादली घेऊन डोंगराची वाट चालू लागले.