छोटी मोटर, मोठा पीळ

सायकलला विजेची मोटर बसवून घेण्याचा विचार आता साध्या घरांतूनही होऊ लागला आहे. पेट्रोलचा खर्च, लांबच्या शिकवण्या, वडीलधाऱ्यांचे दुखरे गुडघे ही कारणे घरोघरी सारखीच. आमच्या घरात कारण होते मुलीचे कॉलेज. रोजचे जाणे-येणे चौदा किलोमीटर, त्यात मालेगावचा उन्हाळा. तिच्या जुन्या सायकलच्या पुढच्या चाकात ३६ व्होल्टची, २५० वॅटपेक्षा किंचित कमी शक्तीची हब मोटर बसवायची असे ठरले. हब मोटर म्हणजे चाकाच्या मधोमध, आऱ्यांच्या आत बसणारी मोटर.

सामानाची पेटी उघडली तेव्हा मोटर, कंट्रोलर, बॅटरी, थ्रॉटल असे सारे होते. नव्हती ती फक्त एक पोलादी पट्टी, जिला टॉर्क आर्म म्हणतात. विचारले तर विक्रेता म्हणाला, "मास्तर, छोटी मोटर आहे, वायसर पुरेसा आहे." घरातल्या थोरल्यांनाही तसेच वाटले. एवढ्याशा पट्टीसाठी काम कशाला अडवायचे? पण त्या सायकलवर आमची लेक बसणार होती, म्हणून आम्ही काम थांबवले आणि आधी समजून घ्यायचे ठरवले.

टॉर्क म्हणजे पीळ, उर्दूत मरोड. क्रियेला तेवढीच उलट प्रतिक्रिया असते, हे नववीच्या पुस्तकातले वाक्य इथे शब्दशः लागू पडते. मोटर चाकाला पुढे फिरवते, तेव्हा तिचा एक्सल तेवढ्याच जोराने मागे फिरू पाहतो. साध्या सायकलच्या एक्सलवर असा पीळ येत नाही. त्यामुळे चिमट्याच्या खाचा फक्त वजन पेलण्यासाठी बनवलेल्या असतात, पीळ अडवण्यासाठी नव्हे.

आम्ही कागदावर हिशेब मांडला. मोटरचा पीळ ४० न्यूटन-मीटर धरला. एक्सल दोन बाजूंनी सपाट असतो आणि त्या बाजूंमधले अंतर १० मिलिमीटर. म्हणजे खाचेच्या कडांवर ४,००० न्यूटनपेक्षा कमी जोर येणार नाही. हे सुमारे ४०० किलो वजन झाले. तोच पीळ १० सेंटिमीटर लांबीच्या पट्टीने अडवला, तर तिच्या टोकाशी ४०० न्यूटन, म्हणजे ४० किलोच जोर येतो. टॉर्क आर्मचे सारे काम एवढेच. एक टोक एक्सलला घट्ट धरते, दुसरे चिमट्याच्या दांड्याला बांधलेले असते.

खाच फाकली की एक्सल गरकन फिरतो. मोटरच्या तारा एक्सलच्या पोकळीतून बाहेर येतात, त्या पिळून तुटतात. चाक खाचेतून निसटूही शकते. पुढचे चाक असे निसटले तर सावरायला क्षणही मिळत नाही.

म्हणून निवडताना पहिली गोष्ट चिमट्याची. चुंबक लावून पाहावे. चिकटला तर पोलाद. पोलाद आधी वाकते, इशारा देते. ॲल्युमिनियमची खाच मात्र इशारा न देता तुटू शकते. पुढे ॲल्युमिनियमचा चिमटा असेल, तर मोटर मागच्या चाकात घेण्याचा विचार करावा. टॉर्क आर्म तिथेही हवाच. आमच्या सायकलचा चिमटा पोलादी निघाला.

दुसरी गोष्ट पट्टीची. ती पोलादीच हवी, जाडी ४ ते ६ मिलिमीटर. तिचे भोक एक्सलच्या सपाट बाजूंवर घट्ट बसले पाहिजे. सैल पट्टी असून नसल्यासारखी, कारण एक्सलला हलायला जागा मिळाली की तो दर वेळी थोडा आघात करतो. ब्रेक दाबल्यावर बॅटरी चार्ज करणाऱ्या मोटरीत पीळ दोन्ही दिशांनी येतो, तिथे तर जराही सैलपणा नको. आमच्याकडे यंत्रमागाचे सुटे भाग बनवणाऱ्या लेथवाल्यांची कमी नाही. मोहल्ल्यातल्या चाचांनी एक्सल व्हर्निअरने मोजला आणि ५ मिलिमीटरच्या पत्र्यातून दोन पट्ट्या कापून दिल्या. कमी शक्तीच्या मोटरीला एक पुरते. पुढचे चाक म्हणून आम्ही दोन्ही बाजूंना लावल्या.

बसवताना खाच अरुंद निघाली. ती कानशीने दोन्ही कडांनी सारखी घासली, रुंदी लागेल तेवढीच वाढवली, खोली नाही. एक्सल खाचेच्या तळाशी पूर्ण टेकला पाहिजे. तार खालच्या बाजूने बाहेर यावी, म्हणजे पावसाचे पाणी आत ओघळत नाही. काही चिमट्यांच्या खाचेभोवती उंच कड असते. तिच्यावर वायसर तिरका बसला तर नट कितीही आवळा, पकड येत नाही. तिथे कडेच्या आत मावणारा वायसर हवा. पट्टीचे वरचे टोक स्टीलच्या क्लिपने दांड्याला घट्ट बांधले. नट २० सेंटिमीटरच्या पान्याने, टोकावर साधारण २० किलोचा जोर देऊन आवळला. त्याहून जास्त ताकद लावली तर आटे जाण्याची भीती असते.

शेवटी मुलीनेच एक युक्ती केली. नट, पट्टी आणि चिमटा या तिन्हींवरून नेलपॉलिशची एक सरळ रेघ ओढली. रेघ तुटलेली दिसली की काहीतरी हलले, हे मोजमापाशिवाय कळते. पहिल्या ५० किलोमीटरनंतर आम्ही नट पुन्हा आवळले. आता दर शुक्रवारी ती स्वतः रेघ पाहते.

बंधू-भगिनींनो, मोटर घेताना आपण वेग विचारतो, एका चार्जमध्ये किती अंतर जाईल ते विचारतो. त्यासोबत आणखी दोन प्रश्न विचारावेत: एक्सलला काय धरून ठेवणार आहे, आणि ते कशाचे बनले आहे? उत्तर समाधानकारक नसेल, तर जवळच्या लेथवाल्याकडे जावे. काम दोन दिवस उशिरा झाले तरी चालेल. सायकलवर आपलेच माणूस बसणार असते.