हिरवी टिक

क्लाऊडच्या बाबतीत मी बरीच वर्षं एका सोप्या समजुतीवर चाललो. कंपनी मोठी असली की माल सुरक्षित. आधीच्या पिढीने संचालक मंडळातली नावं बघून पतपेढीत ठेवी ठेवल्या, ताळेबंद कुणी वाचला नाही. त्यातलाच हा प्रकार. त्या पिढीला मी हसायचो, हे विशेष.

माझी एक छोटी प्रकाशन संस्था आहे. नव्वदच्या दशकापासून साठलेल्या अक्षरजुळणीच्या फायली आधी फ्लॉपींवर, मग सीडींवर, मग एका हार्ड डिस्कवर आणि शेवटी क्लाऊडवर गेल्या. आमचे एक मुद्रक मित्र प्रत्येक कामाच्या दोन प्रती करतात, एक छापखान्यात आणि एक घरी लोखंडी कपाटात. मी चारचौघांत त्यांची टिंगल करायचो. ‘अहो, आग लागली, पूर आला तर काय कपाट पोहणार आहे का?’ असं एकदा म्हणालो, आणि लोक हसले म्हणून पुन्हा पुन्हा म्हणत राहिलो.

सेवा निवडताना मी काय पाहिलं, हे लिहायला आता संकोच वाटतो. नाव पाहिलं. वर्षाचे पैसे पाहिले. आणि अकरा नऊ पाहिले. अॅमेझॉन आपल्या एस-थ्री साठवणुकीच्या टिकाऊपणासाठी ९९.९९९९९९९९९ टक्के हा आकडा देते. त्याचा अर्थ असा सांगतात, की १ कोटी फायली ठेवल्या तर सरासरी १०,००० वर्षांत एक हरवेल. मी निवडलेल्या कंपनीच्या जाहिरातीतही असेच नऊ ओळीने उभे होते. मला ते इतके आवडले, की पुढचं वाचलंच नाही.

तो आकडा खोटा नसतो. फाईल तुकड्यांत कापून वेगवेगळ्या यंत्रांवर ठेवतात आणि सोबत हिशेबाने काढलेले जादा तुकडे ठेवतात. साठवणुकीची सेवा देणाऱ्या बॅकब्लेझ कंपनीने आपली मूळ पद्धत उघडपणे मांडली आहे: १७ तुकडे मूळ माहितीचे, ३ जादा, सगळे २० यंत्रांवर. कुठलीही तीन यंत्रं बंद पडली तरी फाईल पुरी परत मिळते. पण हा सगळा हिशेब यंत्रं मरण्याचा आहे. कार्डाची मुदत संपून हप्ता चुकला, कुणी पासवर्ड चोरला, कंपनीने खातं गोठवलं, किंवा मीच चुकून फोल्डर पुसलं, तर त्या नऊंचा काही संबंध उरत नाही. माझ्यासारख्याची फाईल जाणार ती बहुधा याच वाटांनी.

याच काळात, प्रोग्रॅमरांचा कोड साठवणाऱ्या गिटलॅब या कंपनीची गोष्ट घडली. ३१ जानेवारी २०१७च्या रात्री त्यांच्या एका अभियंत्याने दुय्यम सर्व्हरवरची माहिती पुसायची म्हणून मुख्य सर्व्हरवरचीच पुसायला घेतली. सेकंद-दोन सेकंदांत लक्षात आलं, पण तोवर सुमारे ३०० जीबीतले जेमतेम साडेचार जीबी उरले होते. मग बॅकअप शोधायला गेले, तर पाच वेगवेगळ्या व्यवस्थांपैकी एकही धड चालत नव्हती. रोजचा बॅकअप आवृत्त्यांच्या घोळामुळे मुकाट्याने फसत होता आणि तो फसल्याची ईमेल वाटेतच नाकारली जात होती. सहा तासांपूर्वी एकाने सहज हाताने घेतलेली प्रत सापडली, म्हणून वाचले. हे सारं त्यांनी स्वतः जगजाहीर केलं, दुरुस्तीचं थेट प्रक्षेपणसुद्धा केलं. मी काय केलं? मनातल्या मनात त्यांना बाद केलं. ज्या कंपनीबद्दल असलं काही ऐकलं नव्हतं, ती मला शहाणी वाटत होती.

या समजुतीला तडा गेला तो एका जुन्या पुस्तकामुळे. ते बरीच वर्षं बाजारात नव्हतं, लेखकाच्या घरच्यांना नवी आवृत्ती हवी होती. आमच्याकडे ई-पुस्तकांचं काम बघणारी मुलगी म्हणाली, ‘सर, क्लाऊडवरनं कधी परत आणून बघितलंय का?’

‘त्यात काय बघायचं? रोज हिरवी टिक येते.’

‘ती वर गेल्याची आहे, सर. खाली आल्याची नाही.’

मला राग आला. तिच्या वयाचा आला, खरं सांगायचं तर. ‘बरं, आण खाली’ म्हणालो, जरा तोऱ्यातच.

आलं की खाली. अख्खं फोल्डर आलं, फायलींची संख्या जुळली, आकार जुळले. मी तिच्याकडे विजयी मुद्रेने पाहिलं. मग तिने पहिलं प्रकरण उघडलं. पडद्यावर रोमन अक्षरं, कंस, डॉलरची चिन्हं, मधेच टोप्या घातलेली युरोपी अक्षरं. पुढचं प्रकरण तसंच. त्याच्या पुढचंही. जवळजवळ तीनशे पानांच्या पुस्तकात एकही मराठी अक्षर नाही.

ज्यांनी युनिकोडच्या आधी डीटीपी केलं आहे, त्यांना कारण सांगायला नको. त्या वेळचे मराठी फाँट रोमन अक्षरांच्या जागांवर देवनागरी आकार बसवत. फाईलमध्ये खरोखर रोमन अक्षरांचेच क्रमांक असत. फाँट असेल तर मराठी दिसे, नसेल तर हा चिवडा. आणि फाँट राहतात विंडोजच्या फोल्डरमध्ये, जे आमचा बॅकअपचा प्रोग्रॅम मुळातच वगळत होता. कार्यालयातले संगणक मधल्या काळात दोनदा बदलले होते. जुन्या यंत्रांबरोबर फाँट भंगारात गेले, पेजमेकर गेला, आणि फाँटच्या सॉफ्टवेअरला लागणारं डाँगल कुठे गेलं ते कुणाला आठवेना.

माझ्या तोंडून कंपनीला शिवी गेली. ती मुलगी काही बोलली नाही. तिने सेटिंग्जमधली वगळलेल्या फोल्डरांची यादी उघडली आणि खुर्ची जरा बाजूला सरकवली, मला वाचता यावी म्हणून. यादी पहिल्या दिवसापासून तिथे होती. कंपनीने जे घेतलं होतं, ते बिट न बिट परत दिलं होतं. कंपनीच्या बाजूने व्यवहार पूर्ण होता.

त्या दुपारी मी बराच वेळ नुसता बसून होतो. पुस्तक जाईल ही भीती होतीच. पण छापील प्रत हाताशी होती, अगदीच वेळ आली तर पुन्हा जुळणी करता आली असती. खरी बोच निराळी होती. इतकी वर्षं मी ज्याला विश्वास म्हणत होतो तो आळस होता. दर वर्षी पैसे भरले की काळजी करायची नाही, असा करार मी माझ्याशीच केला होता आणि त्यावर कंपनीची सही आहे असं समजत होतो. तपासायला बसलो असतो तर कदाचित वाईट काही कळलं असतं. ते कळू नये म्हणूनच मी मोठं नाव शोधलं का? या प्रश्नाचं उत्तर मला आवडत नाही.

फाँट मिळाला तो त्या मुद्रक मित्रांकडे. त्यांच्या डिस्कवर प्रत्येक कामाशेजारी ‘फाँट’ नावाचं एक फोल्डर होतं. ‘घेऊन जा की, त्यात काय,’ म्हणाले. मी केलेल्या टिंगलीचा त्यांनी उल्लेख केला नाही. केला असता तर मला बरं वाटलं असतं.

त्यानंतर गिटलॅबचा तो अहवाल पुन्हा वाचला. पहिल्यांदा मूर्खपणाची वाटलेली गोष्ट आता ओळखीची वाटली. फरक इतकाच, की त्यांनी ती सांगितली होती. बॅकब्लेझ २०१३ पासून आपल्याकडच्या किती डिस्क मेल्या, कुठल्या मॉडेलच्या मेल्या, याचे आकडे प्रसिद्ध करते. आधी मला वाटायचं, ही कसली जाहिरात? आता एखादी सेवा बघताना मी आधी तिने आपल्या बिघाडांबद्दल काय लिहिलंय ते शोधतो. काहीच नसेल तर पुढे जात नाही. हाही एक नवा पूर्वग्रह असू शकेल.

मोठेपणाचा धाक मात्र पुरता उतरला. मे २०२४मध्ये ऑस्ट्रेलियातल्या युनिसुपर या निवृत्तिवेतन निधीचं गुगल क्लाऊडवरचं खासगी क्लाऊड मांडणीतल्या एका चुकीमुळे पुसलं गेलं. दोन ठिकाणी प्रती होत्या, दोन्ही त्यातल्याच, दोन्ही गेल्या. ६ लाखांहून अधिक सभासद, आठवड्याहून जास्त गोंधळ. सावरले ते त्याबाहेरही बॅकअप ठेवले होते म्हणून, त्यांतला एक दुसऱ्या कंपनीकडे. २६ सप्टेंबर २०२५ला दक्षिण कोरियातल्या देजॉन इथे सरकारी माहिती केंद्राला आग लागली आणि सरकारी कर्मचाऱ्यांच्या ‘जी-ड्राइव्ह’ नावाच्या साठवणुकीवरची ८५८ टेराबाइट माहिती जळाली. बाहेर प्रत नव्हती, कारण म्हणे आकार फार मोठा. आपल्या मंत्रालयाच्या आगीत, २०१२ साली, कागदी फायली गेल्या तेव्हा ‘हे संगणकावर असतं तर’ असं म्हणणाऱ्यांत मी होतो.

आता प्रती दोन कंपन्यांकडे आहेत आणि एक डिस्क, हो, कपाटात आहे. जुनी पुस्तकं एकेक करून युनिकोडमध्ये आणतो आहोत. रूपांतर करताना जोडाक्षरं आणि रफार हमखास बिघडतात, म्हणून मुद्रितशोधन पुन्हा करावं लागतं. अधूनमधून ती मुलगी मनात येईल ते पुस्तक सांगते आणि आम्ही ते कोऱ्या संगणकावर उतरवून उघडतो.

एका ठिकाणी अजून अडलोय. दुसऱ्या सेवेत कुलूप माझ्याच किल्लीचं आहे, कंपनीलाही आतलं दिसत नाही. गोपनीयतेला उत्तम. पण ती किल्ली हरवली किंवा मी गेलो, तर कुणीच काही उघडू शकणार नाही. बायको म्हणते, कागदावर लिहून बँकेच्या लॉकरमध्ये ठेवा. मला ते पटत नाही, पण का पटत नाही हे तिला नीट सांगताही येत नाही.