दहा खुर्च्यांची ओपीडी

मधुमेहाचा पेशंट वर्षभरात डॉक्टरसमोर बसतो तो सगळा वेळ मिळून फार तर तासभर. बाकीचं वर्ष त्याचं त्यालाच निभवायचं असतं. लग्नाच्या पंगतीत जिलबी वाढली तर काय करायचं, उपासाच्या दिवशी गोळी घ्यायची की नाही, पायाला फोड आला तर थांबायचं की दाखवायचं, हे सगळं तो एकटा ठरवतो. उसाच्या पट्ट्यातल्या एका तालुक्याच्या गावी मी फॅमिली डॉक्टर आहे. गर्दीच्या दिवशी एकेकाच्या वाट्याला जेमतेम सात-आठ मिनिटं येतात. आकडा बघून, रक्तदाब घेऊन चिठ्ठी लिहीपर्यंत ती संपतात आणि नेमकं महत्त्वाचं बोलणं राहून जातं. म्हणून मी मधुमेहाच्या आठ-दहा पेशंटना एकत्र बोलावून, दीड तास हातात ठेवून तपासू लागलो. या पद्धतीला स्वतःचं असं एक कसब आहे.

आरोग्य शिबिराशी याची गल्लत होते, ती आधी दूर करायला हवी. शिबिरात डॉक्टर बोलतो, लोक ऐकतात आणि जाताना पत्रक घेऊन जातात. इथे प्रत्येकाची रीतसर तपासणी होते. सिस्टर वजन, रक्तदाब, उपाशीपोटीची साखर घेऊन ज्याच्या त्याच्या वहीत लिहितात. मग एकेकाची पाळी येते. औषध बदलायचं असेल तर तिथेच बदलतो, चिठ्ठी तिथेच लिहितो. हे सगळं बाकीच्यांच्या देखत चालतं. सुरुवातीला सगळ्यांकडून शब्द घेतो की इथलं बोलणं इथेच राहील. ज्याला आपला आकडा सांगायचा नसेल त्याच्यावर सक्ती नाही. दारू, घरातली भांडणं, शरीरसंबंधातल्या अडचणी यांसाठी शेवटी पडद्याआडची पाच मिनिटं प्रत्येकाला मिळतात.

कल्पना जुनी आहे. 1905 मध्ये बोस्टनच्या डॉ. जोसेफ प्रॅट यांनी क्षयाच्या गरीब पेशंटना असंच एकत्र जमवलं. प्रत्येकाने रोजची नोंदवही ठेवायची आणि आठवड्याला सगळ्यांसोबत ती बघायची, अशी त्यांची रीत होती. मधुमेहात मला सर्वांत मोलाचं वाटतं ते इटलीतल्या तुरिन शहरातलं काम. मरीना ट्रेंटो, मास्सिमो पोर्ता आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी टाइप-2 मधुमेहाचे 112 पेशंट घेतले. काहींना नेहमीसारखं एकेकटं तपासलं, काहींना नऊ-दहा जणांच्या गटात, दर तीन महिन्यांनी. पाच वर्षांनंतरचे निष्कर्ष 2004 मध्ये प्रसिद्ध झाले. एकेकटे येणाऱ्यांची एचबीएवनसी, म्हणजे तीन महिन्यांची सरासरी साखर, चढत गेली होती. गटातल्यांची जवळपास होती तिथेच राहिली. हा आजार वर्षागणिक वाढत जाणारा आहे. त्यात पाच वर्षं जागच्या जागी राहणं ही मोठी कमाई आहे.

हे कसं घडतं, ते मला पायांच्या तपासणीत सर्वांत स्पष्ट दिसतं. ती मी मुद्दाम सगळ्यांसमोर करतो. त्यासाठी मोनोफिलामेंट वापरतो, म्हणजे नायलॉनचा एक जाडसर धागा, दहा ग्रॅमच्या दाबाला वाकणारा. पेशंटने डोळे मिटायचे आणि स्पर्श कळला की ‘हो’ म्हणायचं. एका शेतकरी अण्णांच्या अंगठ्याखाली मी धागा टेकवला. तो वाकला. अण्णा गप्पच. पुन्हा टेकवला. “लावा की डॉक्टर,” अण्णा म्हणाले. वाकलेला धागा समोरच्या सगळ्यांना दिसत होता. त्यांनी डोळे उघडले तेव्हा शेजारच्या काकू हळूच म्हणाल्या, “अण्णा, दोनदा लावला त्यांनी.” बधिर पायाला जखम झालेली कळत नाही, म्हणून ती चिघळते, हे मी त्यानंतर सांगितलं. तेव्हा अण्णाच काय, प्रत्येक जण आपापल्या पायाकडे बघत होता. अण्णा पाचटातून अनवाणी हिंडायचे, त्यामुळे बोलणं बुटांवर आलं. तेवढ्यात एक आजी म्हणाल्या, “मला वाकवत नाही, मी फरशीवर आरसा ठेवून तळवा बघते.” ही युक्ती मीही सांगत आलो आहे. आजींच्या तोंडून ती त्या दिवशी घरोघरी गेली.

म्हणून गटात डॉक्टरने शिकायची मुख्य गोष्ट म्हणजे उत्तर ओठांवर असतानाही थांबणं. आमच्याकडचा हमखास प्रश्न असतो, “गुळाचा चहा चालतो ना?” ‘नाही’ म्हणायला मला एक क्षण पुरे. पण मी विचारतो, “इथे कुणी घेऊन बघितलाय का?” एकदा एका निवृत्त गुरुजींनी वही उघडली. चहानंतर तासाभराने तपासलेले आकडे त्यांनी मांडून ठेवले होते, साखरेच्या चहाचे वेगळे, गुळाच्या चहाचे वेगळे. “दोन्हीत काही फरक नाही हो,” ते म्हणाले. विषय तिथेच मिटला. इन्सुलिनचंही तसंच. इन्सुलिन म्हणजे शेवट, ही भीती माझ्या समजावण्याने कमी होते, पण जात नाही. समोरच्या मावशी पिशवीतून पेन काढून चार मिलिमीटरची सुई दाखवतात आणि “मी रोज टोचून शेतावर जाते” म्हणतात, तेव्हा ती जाते.

थांबायचं असलं तरी सूत्र हातातून सोडायचं नाही. कुणी कारल्याच्या रसावर गोळ्या बंद करायचा सल्ला देऊ लागला तर त्याचा अपमान न करता, पण स्वच्छ शब्दांत सांगावं लागतं की रस आवडत असेल तर घ्या, गोळी आपल्या मनाने सोडू नका. संकष्टीला जेवण टाळून साखर उतरवणारी ग्लिमेपिराइडची गोळी घेणाऱ्याला घाम सुटतो, हातपाय कापतात. ही साखर उतरल्याची खूण आहे आणि लगेच तीन चमचे साखर पाण्यातून घ्यायची असते, हे डॉक्टरनेच सांगायला हवं. गप्प बसणाऱ्यालाही बोलतं करावं लागतं. “काय खाता?” असं विचारलं की “नेहमीचंच” हे उत्तर येतं. “काल रात्री ताटात काय होतं?” असं विचारलं की भात किती वेळा वाढून घेतला ते कळतं.

सगळ्यांसाठी ही पद्धत नाही. चिघळलेली जखम, छातीत दुखणं, गरोदरपणातला मधुमेह, खोल नैराश्य यांना एकट्याचा, सविस्तर वेळच द्यायला हवा. ज्याला चारचौघांत नको वाटतं त्याची इच्छाही राखायला हवी.

आयसीएमआरच्या 2023 मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीनुसार देशात मधुमेहाचे 10 कोटींहून अधिक लोक आहेत. इतक्यांना पुरतील एवढे तज्ज्ञ आपल्याकडे नाहीत. हे काम फॅमिली डॉक्टरांवरच येणार आहे. माझ्या व्यवसायबंधूंना विनंती आहे की महिन्यातली एक सकाळ यासाठी काढा. दहा खुर्च्या, एक वजनकाटा, एक ग्लुकोमीटर आणि एक नायलॉनचा धागा एवढं पुरतं. आणि हे वाचणाऱ्यांपैकी ज्यांना मधुमेह आहे त्यांनी पुढच्या भेटीत आपल्या डॉक्टरांना आवर्जून विचारावं, “आम्हा आठ-दहा जणांना एकत्र तपासाल का?”