कोरी फिल्म

पुण्याच्या आमच्या वाड्यांत फोटो धुण्याची खोली म्हणजे न्हाणीघरच. रात्रीं जेवणें उरकलीं कीं तें माझ्या ताब्यांत येई. खिडकीला घोंगडी, दाराच्या फटींना जुन्या लुगड्याच्या चिंध्या, आणि बाहेर पाटावर थोरल्या काकू! पॅनक्रोमॅटिक फिल्मला तांबडा दिवाही चालत नाहीं. तेव्हां आंत घड्याळ पाहणार कसें? म्हणून काकू दाराशीं बसून संथपणें रामरक्षा म्हणत. ती संपली कीं त्या दार वाजवीत आणि मी फिल्म डेव्हलपरमधून काढीत असें. (रामरक्षेचा हा उपयोग आजोबांना मुळींच पसंत नव्हता.) पाणी २० अंशांवर असलें म्हणजे वेळ नेमका जमे. उन्हाळ्यांत मात्र माठाच्या पाण्यांतही बर्फ घालावा लागे. नाहीं तर फिल्मवरचा थर मऊ पडून त्यावर ओरखडे उठत.

ह्या काकूंचा फोटो कोणीं कधींच काढलेला नव्हता. विसाव्या वर्षीं वैधव्य आलें. तेव्हांपासून घरांतल्या प्रत्येक लग्नामुंजींत फोटोच्या वेळीं त्या स्वयंपाकघरांत असावयाच्या. १९६८ च्या मे महिन्यांत मीं हट्टच धरला, आणि एका सकाळीं त्या तुळशीवृंदावनापाशीं उभ्या राहिल्या. पदर दोनदां सारखा केला. बारा फोटोंची फिल्म. त्यांतले पांच त्यांचे.

त्या रात्रीं मी फार उतावीळ झालों होतों. दोन्ही औषधें सारख्याच बाटल्यांत होतीं, आणि वरच्या चिठ्ठ्या केव्हांच भिजून निघाल्या होत्या. अडीच फुटांहून लांब फिल्मचीं दोन्ही टोकें धरून ती तबकांतून खालींवर फिरवावयाची. डेव्हलपर बोटांना बुळबुळीत लागतो, हें मला ठाऊक होतें. पण बोटांकडे लक्ष कोणाचें? रामरक्षा संपली, दार वाजलें. दुसरें तबकही झालें. दिवा लावून पाहतों तों फिल्म कांचेसारखी स्वच्छ! ती आधीं हायपोंत गेली होती. हायपो चांदीचे क्षार विरघळवितो, हा त्याचा गुण हर्शेलनें १८१९ सालीं शोधला. डेव्हलपरनें काळी केलेली चांदी तेवढी त्याच्या तावडींतून सुटते. हायपोच आधीं भेटला तर सारेंच वाहून जातें.

"काय झालें रे?" काकूंनीं दारांतून विचारलें.

"कुठून तरी उजेड शिरला."

त्यांनीं दाराकडे पाहिलें. "अरे, मध्यें डांस चावला म्हणून मी हाललें. पाठ दाराला लागली. माझ्यामुळेंच हो झालें!"

उजेड लागलेली फिल्म काळी होते, कोरी राहत नाहीं. घरांत हें मला एकट्यालाच माहीत होतें. मी गप्प राहिलों.

काकू पुन्हां फोटोला उभ्या राहिल्या नाहींत. "माझा एक फोटो मीच घालवला," असें आल्यागेल्याला हंसून सांगत. दाराशीं मात्र पूर्वींसारख्याच बसत. पाट तेवढा हातभर दूर सरकवलेला. १९८१ सालीं त्या गेल्या.

ती फिल्म मीं ठेवली आहे. कारखान्यांतच उजेडानें उमटविलेले कडेचे आंकडेसुद्धां तिच्यावर नाहींत. फोटो धुणारा कोणीही तेवढ्यावरून चूक ओळखील. आमच्या घरांत तसा दुसरा कोणी नव्हता.