दऱ्या, दर्या आणि सोळा हजार घरं

छत्तीसगडमधल्या दुर्ग शहरातल्या पद्मनाभपुरात पाट्या हिंदी, पण काही घरांत बोलणं मराठी. १९५६च्या राज्यपुनर्रचनेपर्यंत या भागाची राजधानी नागपूर होती, तेव्हा त्यात नवल नाही. अशाच एका घरातला प्रोग्रॅमर सरमिसळ झालेल्या मजकुरातून हिंदी आणि मराठी ओळी वेगळ्या काढतोय. लिपी एकच, म्हणून सुट्या अक्षरांवरून फारसं कळत नाही, जोड्यांवरून कळतं. ‘आ’च्या मागोमाग ‘ह’ वारंवार आला की ‘आहे’ची चाहूल लागते. ‘ह’वर दोन मात्रा सारख्या दिसल्या की बहुधा हिंदी. (‘हैदराबाद’ने मात्र फसायला होतं.) युक्ती जुनीच आहे. १९१३मध्ये आंद्रेई मार्कोव्हने पुश्किनच्या ‘येवगेनी ओनेगिन’मधली २० हजार अक्षरं घेऊन स्वर-व्यंजनांच्या जोड्या हाताने मोजल्या होत्या.

पायथॉनमध्ये हे एका ओळीचं काम: मजकूर, एक घर सरकवलेला तोच मजकूर, दोघांची झिप, वर काउंटर. छोट्या फाइलसाठी याच्या पुढे जाऊच नये, असं त्याचं मत. खरी वाईट पद्धत म्हणजे एकेक जोडी घ्यायची आणि ती किती वेळा आली हे बघायला अख्खा मजकूर पहिल्यापासून वाचायचा. नवशिके हमखास तीच लिहितात.

फाइल मोठी असली की दर जोडीचा हॅश काढणं अंगावर येतं. इथे देवनागरीच मदतीला धावते. युनिकोडने तिला १२८ क्रमांकांचा पट्टा दिलाय. शून्यापासून मोजलं तर ‘प’ ४२वर, ‘ळ’ ५१वर. पहिल्याला १२८ने गुणायचं, दुसरा मिळवायचा: ‘पळ’ झाला ५४२७, ‘ळप’ ६५७०. मग १६,३८४ घरांची साधी ॲरे पुरते. घरटी ४ बाइट धरले तर सगळा पसारा ६४ किलोबाइटचा. शून्यावरचं चिन्ह रोजच्या मराठी-हिंदीत लागत नाही, ते घर त्याने स्पेसला देऊन टाकलंय.

शब्दांच्या जोड्यांना ही चैन नाही. लाखभर शब्द म्हटले की घरं हजार कोटी, त्यातली बहुतेक रिकामी. तिथे हॅश टेबल, नाहीतर सगळ्या जोड्या फाइलीत ओतून सॉर्ट करायच्या; सारख्या जोड्या शेजारी येतात आणि एका फेरीत मोजून होतात.

डोकेदुखी वेगळीच आहे. ‘दऱ्या’ लिहिताना कुणी ‘ऱ’ आणि पाय मोडायचं चिन्ह टाइप करतं, कुणी साधा ‘र’, पाय मोडायचं चिन्ह आणि त्यापुढे डोळ्यांना न दिसणारा जॉइनर. हा जॉइनर १२८च्या पट्ट्याबाहेरचा. कचरा समजून गाळला, की डोंगरातल्या दऱ्यांचा समुद्र होतो: ‘दर्या’. वर एकाच शब्दाची मोजणी दोन घरांत विभागते ती वेगळीच.

म्हणून ॲरेला हात लावण्याआधी तो असा प्रत्येक ‘र’ बदलून ‘ऱ’ करून घेतो. त्यापायी मजकुरावरून जास्तीची एक फेरी होते. ती वाचवता येईल. त्यासाठी ‘र’ आला की पुढची दोन चिन्हं बघेपर्यंत त्याच्या जोड्या रोखून धरायच्या. पण तो कोड वाचायला किचकट होतो, त्यामुळे सध्या दोन फेऱ्याच चालू आहेत.