सायकलीवरून मुळगावला, वहिनीच्या माहेरी

आमच्या गल्लीतल्या आठजणींचा सायकलचा नाद तसा अलीकडचा. सकाळी फिरायला जाणाऱ्या चौघी होत्या. त्यातल्या एकीला डॉक्टरांनी सांगितलं, गुडघ्यांना चालण्यापेक्षा सायकल बरी. तिनं मुलाची जुनी सायकल बाहेर काढली, आणि बघता बघता आम्ही आठ झालो. निम्म्याजणी घरी मराठी बोलणाऱ्या, निम्म्या कन्नड. सायकलवर मात्र दोन्हींची खिचडी असते. सगळ्यांत मोठ्या अक्का बासष्ट वर्षांच्या, तर सगळ्यांत धाकटी एकतीस वर्षांची. कर्नाटक सरकारनं 2006-07 पासून काही वर्षं आठवीतल्या मुलामुलींना फुकट सायकली दिल्या होत्या, ते आठवत असेल. आमची धाकटी त्याच सायकलीवर शिकली. बाकी आम्ही साऱ्याजणी संसार आवरून, पन्नाशीच्या आसपास शिकलेल्या.

आमच्यातल्या एका वहिनींचं माहेर मुळगाव. गोव्यातल्या डिचोली तालुक्यातलं. लग्न होऊन त्यांना पस्तीस वर्षं झाली. एकदा चहा घेताना त्या सहज बोलून गेल्या, "आमच्या घरी एकच सायकल होती, ती भावाची. मी हात लावला तर आई ओरडायची. मी डिचोलीच्या शाळेला चालतच गेले. एकदा तरी त्या रस्त्यानं सायकल चालवत माहेरच्या दारात जायचंय." झालं, अक्कांनी तिथंच तारीख ठरवून टाकली. शनिवार, 26 एप्रिल 2025.

पहाटे पाचला टेम्पोत सायकली चढवल्या आणि चोर्ल्याच्या वाटेनं निघालो. जांबोटी मागं पडली की झाडी दाट होते. कणकुंबीला मलप्रभेचा उगम. तिथं हात जोडल्याशिवाय अक्का पुढं जाऊच देत नाहीत. तिथून मलप्रभा पूर्वेला आपल्या मुलखाकडं वळते आणि जवळच्याच डोंगरातलं दुसरं पाणी म्हादईला मिळून पश्चिमेला गोव्यात जातं. या पाण्यावरून दोन राज्यांचं भांडण किती वर्षं चाललंय हे आपल्या वाचकांना सांगायला नको. टेम्पोतही त्यावरून दोन तट पडलेच, पण घाट उतरून केरी येईपर्यंत कांदेपोह्यांच्या डब्यानं समेट घडवला.

साखळीला सायकली उतरवल्या. इथून डिचोलीमार्गे मुळगाव जेमतेम पंधरा किलोमीटर असेल. पण घाटमाथ्यावरची आपली कोरडी हवा सोडून गेलेल्या माणसाला तिथला उकाडा पहिल्या चढालाच थांबवतो. एप्रिल म्हणजे काजूचा हंगाम. रस्ताभर पिकल्या बोंडांचा आंबूस-गोड वास. अक्का त्याला गेरूहण्णू म्हणतात. आपण ज्याला कोकम म्हणतो ते गोव्यात भिरंड आणि कन्नडमध्ये मुरुगलु. प्रत्येक झाडापाशी असा तीन भाषांचा पाढा म्हणत आम्ही डिचोली गाठली. बाजारातल्या भाजीवाल्या बायकांनी हातातलं काम सोडून आमच्याकडं बघितलं. एकीनं विचारलं, "खंयच्यो गो तुमी?" बेळगाव म्हटल्यावर तिनं प्रत्येकीच्या हातावर एकेक चिकू ठेवला.

डिचोली सोडली आणि वहिनी सगळ्यांच्या पुढं गेल्या. एरवी त्या शेवटी असतात.

मुळगाव हे देवी केळबाईचं गाव. या भागात सात बहिणी आणि एक भाऊ यांची कथा घरोघरी सांगतात. मुळगावची केळबाई, शेजारच्या शिरगावची लईराई, मयेची महामाया, मोरजीची मोरजाई या बहिणी. आणखी एक बहीण मिराबाई म्हापशाला गेली, तीच तिथल्या चर्चमधली मिलाग्रीस सायबीण, असं हिंदू आणि ख्रिस्ती दोघंही मानतात. गोव्यात गजलक्ष्मीला केळबाई म्हणतात, भावकाही म्हणतात. दोन्ही बाजूंना हत्ती सोंडेनं पाणी घालताहेत अशी ही देवी आपल्याकडच्या जुन्या देवळांच्या चौकटीवर आपण कितीदा बघितलीय! अक्कांना हे कळल्यावर त्या म्हणाल्या, "म्हणजे ही आमच्याकडचीच की!"

देवळात दर्शन घेऊन बाहेर आलो तेव्हा आभाळ भरून आलं होतं. वहिनींचा भाऊ घरी नव्हता. शेजारणीनं सांगितलं, सगळे शेतात आहेत.

या शेताविषयी थोडं सांगायला हवं. हा सगळा पट्टा लोहखनिजाचा. पावसाळ्यात खाणींवरचा गाळ वाहून शेतात येतो, ही इथल्या शेतकऱ्यांची जुनी तक्रार आहे. वहिनींच्या माहेरचं शेतही काही वर्षं तांबड्या चिखलाखाली पडीक होतं. 2012 साली खाणी थांबल्या, पुन्हा सुरू झाल्या, 2018 मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानं परत थांबल्या. 2022 च्या डिसेंबरात डिचोलीच्या खाणपट्ट्याचा लिलाव झाला आणि 2024 पासून तिथं काम पुन्हा सुरू झालं. घरं, देवळं आणि शेती या पट्ट्यातून वगळा, अशी मुळगावच्या लोकांची मागणी आहे. पण शेजारच्याच घरातल्या माणसानं खनिज वाहण्यासाठी कर्ज काढून ट्रक घेतलेला. खाण बंद पडली तेव्हा हप्ते थकून त्याची झोप उडाली होती. एकाच अंगणात दोन्ही दुःखं नांदतात. वहिनींच्या भावानं मधल्या शांत वर्षांत गाळ उपसून थोडी जमीन मोकळी केली आणि त्यात वायंगण, म्हणजे हिवाळ्यात पेरायचं भात, घेतलं. यंदा पेरणीला उशीर झाला, म्हणून कापणीही एप्रिलच्या अखेरीस आलेली.

आम्ही बांधावर पोचलो तेव्हा भात कापून शेतात पसरलेलं होतं. भाऊ, भावजय आणि दोन मजूर घाईनं भारे बांधत होते. भावानं मान वर केली, बहिणीला सायकलवर बघितलं आणि क्षणभर हातातला विळा तसाच राहिला. "बाय, सायकलीर आयलें गो तूं!" एवढंच म्हणाला. तेवढ्यात आभाळ गडगडलं.

आपल्याकडं वळवाच्या पावसाचं कौतुक असतं. अश्विनी संपून भरणी लागण्याचे ते दिवस. भरणी बरसली तर धरणी जगली, असं कन्नडमध्ये म्हणतात. पण कापलेलं भात शेतात पडलेलं असताना तोच पाऊस वैरी होतो. कुणी कुणाला काही सांगितलं नाही. सायकली बांधावर आडव्या टाकल्या आणि आठहीजणी शेतात उतरलो. शेतकऱ्याच्या घरच्या अक्का भारे बांधायला बसल्या. आम्ही डोक्यावर घेऊन खळ्याकडं धावत होतो. धाकटीनं तर कॅरिअरला भारा बांधून सायकल ढकलत नेली आणि दोन खेपांत चार भारे पोचवले. मग सगळ्यांनीच तसं केलं. "मळी बंत्री!" असं अक्का ओरडल्या आणि पुढच्या मिनिटाला सरी कोसळल्या.

पाऊण तास पाऊस पडला. दोन वाटे भात ताडपत्रीखाली गेलं, एक वाटा भिजला. भाऊ म्हणाला, "उन्हात घालू, थोडं काळं पडेल, पण घरी खाता येईल." सगळं वाचलं असं सांगायला मला आवडलं असतं, पण तसं झालं नाही.

घरी उकड्या तांदळाची पेज आणि तोरांचं लोणचं. निथळत्या कपड्यांनी आम्ही ओसरीवर बसून जेवलो. तेवढ्या वेळात भाऊ अंगणात गेला, वहिनींच्या सायकलीचा चिखल पुसला, चेनला तेल दिलं, पंप आणून हवा भरली. कधीकाळी आपल्या सायकलीची करायचा तशी सारी देखभाल. वहिनी दारातून बघत होत्या. दोघं काहीच बोलले नाहीत.

परतताना शिरगावला लईराईच्या देवळात गेलो. आठवड्यावर जत्रा आली होती. वैशाख शुद्ध पंचमीच्या रात्री व्रतस्थ धोंड इथं होमकुंडातून चालत जातात. गोव्याबरोबरच महाराष्ट्र-कर्नाटकातूनही भाविक येतात. आम्ही गेलो तेव्हा मात्र देऊळ शांत होतं, पावसानं धुतलेलं. पुढच्या वर्षी जत्रेला यायचं, असं आम्ही तिथंच ठरवलं.

आठवड्यानं, 3 मेच्या पहाटे, त्याच जत्रेत चेंगराचेंगरी झाली. भाविकांचे जीव गेले, अनेकजण जखमी झाले. सकाळी बातमी कळताच वहिनी फोन लावत बसल्या. त्यांचा भाचा जत्रेला गेला होता. दहा वाजता त्याचा आवाज ऐकला तेव्हा आठहीजणी त्यांच्या स्वयंपाकघरात उभ्या होतो. ज्यांना असा आवाज ऐकायला मिळाला नाही, त्यांच्या घरांचा विचार मनातून अजून जात नाही.

जूनमध्ये एस.टी.नं एक पोतं आलं. त्यात उकड्या तांदळाच्या आठ पिशव्या होत्या, प्रत्येकीच्या वाट्याची एक. तांदूळ किंचित काळपट होता. भावजयीनं निरोप पाठवला होता, "पुढच्या खेपेला एक सायकल जास्त आणा, मलाही शिकायचंय."

मैत्रिणींनो, तुम्हीही कधी त्या बाजूला गेलात तर एवढं करा. सकाळी लवकर निघा, पाणी आणि रेनकोट जवळ ठेवा, खनिजाच्या ट्रकना वाट द्या. आणि शेतात कुणी भारे बांधताना दिसलं, वर आभाळ काळं झालं, तर सायकल बांधावर आडवी टाका.