मॅमोग्राम केला, पण कसा केला?

ऑक्टोबर आला की माझा इनबॉक्स गुलाबी होतो. पिंक रिबन, पिंक मॅरेथॉन, पिंक कपकेक्स आणि त्यांच्या मागोमाग 'आईला हेल्थ गिफ्ट करा' टाइपची पॅकेजेस. थायरॉइड, व्हिटॅमिन डी, शुगर आणि चाळिशी ओलांडलेल्यांसाठी मॅमोग्राम एकदम फ्री! नवा फोन घेताना आपण मेगापिक्सेलवरून दुकानदाराचं डोकं खातो. मिसळ कुठे खायची यावर ग्रुपवर दोन दिवस वाद घालतो. मॅमोग्रामच्या बाबतीत मात्र प्रश्न एकच, केलास का? तो कुठल्या मशिनवर झाला, कुणी काढला, कुणी वाचला, असलं कुणी विचारत नाही. एक्स-रे तो एक्स-रे, त्यात काय एवढं!

त्यात बरंच काही आहे, हे मला मावशीमुळे कळलं. मावशी चिंचवडची, वय 52, भिशी ग्रुपची स्वयंघोषित लीडर. मागच्या वर्षी त्यांच्या सोसायटीत कॅम्प आला. अख्खी भिशी रांगेत उभी राहिली. चार दिवसांत रिपोर्ट आले, सगळ्या नॉर्मल, पावभाजी पार्टी झाली. दोनेक महिन्यांनी मावशी तिच्या गायनॅककडे भलत्याच तक्रारीसाठी गेली होती. बाईंनी फाइलमधली फिल्म सहज उजेडासमोर धरली आणि म्हणाल्या, ''ही एकदा ब्रेस्टचंच काम करणाऱ्या रेडिऑलॉजिस्टना दाखवून घ्या.''

त्या रेडिऑलॉजिस्टना फिल्म बघायला अर्धा मिनिटही लागला नाही. ''यावर नॉर्मल लिहायला माझा हात धजावणार नाही,'' त्या म्हणाल्या. ''काखेकडचा भाग यात आलेलाच नाही. आणि हे इथे चित्र हललंय.''

म्हणजे मावशी नॉर्मल आहे की नाही, हे त्या फिल्मवरून सांगताच येत नव्हतं. पुन्हा मॅमोग्राम झाला, या वेळी डिजिटल. डाव्या बाजूला, काखेच्या दिशेने, मिठाच्या कणांसारख्या बारीक पांढऱ्या ठिपक्यांचा पुंजका दिसला. बायोप्सीत निघाला डीसीआयएस, म्हणजे दुधाच्या नळीच्या आतच असलेला, अजून बाहेर न पडलेला कॅन्सर. ऑपरेशन झालं, रेडिएशन झालं. मावशी आता पुन्हा सकाळी फिरायला जाते आणि वाटेत भेटेल त्याला ही स्टोरी ऐकवते.

स्तनाच्या कॅन्सरपैकी जवळपास निम्मे वरच्या-बाहेरच्या भागात, म्हणजे काखेच्या बाजूला सुरू होतात. म्हणून मॅमोग्रामच्या चार चित्रांपैकी दोन तिरकी काढतात. त्यात छातीचा स्नायू निपलच्या पातळीपर्यंत खाली उतरलेला दिसायला हवा. तो दिसला तर समजायचं, की मागचा भाग नीट आत घेतलाय. हे सगळं टेक्निशियनच्या हातात असतं. खांदा सैल सोडायला लावणं, हात कुठे ठेवायचा ते सांगणं, लाजून मागे सरकणाऱ्या बाईला धीर देऊन पुढे घेणं. मशिन कितीही भारी असो, जे त्याच्या पट्टीखाली आलंच नाही ते ते दाखवणार कुठून?

आणि ते दाबणं! मावशी म्हणते, ''अगं, कॅम्पमधली मुलगी इतकी गोड होती, काही दाबलंच नाही तिने.'' नेमका तिथेच घोळ. दाबल्याने एकमेकांवर आलेले थर पसरतात, चित्र हलत नाही आणि रेडिएशनही कमी लागतं. ज्या ठिपक्यांवर सगळा मामला अवलंबून, ते अर्ध्या मिलिमीटरपेक्षाही लहान असतात. चित्र जरासं हललं की गायब. उलट काखेत डिओ किंवा पावडर असेल, तर त्याचे कण फिल्मवर ठिपक्यांसारखे दिसू शकतात. म्हणून त्या दिवशी डिओला सुट्टी.

अमेरिकेत या सगळ्यासाठी चक्क कायदा आहे. 1992 साली तिथे मॅमोग्राफीच्या दर्जासाठी स्वतंत्र कायदा झाला आणि 1994 पासून सर्टिफिकेटशिवाय सेंटर चालवता येत नाही. दरवर्षी इन्स्पेक्शन होतं. मला त्यातला सगळ्यात आवडलेला फंडा म्हणजे 'फँटम'. अ‍ॅक्रिलिकचा एक ठोकळा, आत बारीक धागे, ठिपके आणि गाठी लपवलेल्या. दाबलेल्या स्तनाऐवजी त्याचाच फोटो काढायचा. फिल्मच्या जमान्यातल्या नियमानुसार त्यात किमान 4 धागे, ठिपक्यांचे 3 पुंजके आणि 3 गाठी दिसल्याच पाहिजेत. नाही दिसल्या तर मशिन दुरुस्त होईपर्यंत पेशंट घ्यायचे नाहीत. बायकांच्या आधी मशिनची परीक्षा, हे मला फारच पटलं.

आपल्याकडे मशिनचा कारभार अणुऊर्जा नियामक मंडळाकडे, म्हणजे मुंबईच्या अणुशक्तीनगरातल्या एईआरबीकडे आहे. त्यांच्या परवानगीशिवाय एक्स-रे मशिन चालवता येत नाही आणि ठरावीक काळाने क्वालिटी टेस्टही करावी लागते. हे चांगलंच आहे. पण ही तपासणी मशिनची. मंगळवारी दुपारी मावशीची काख फिल्मवर आली की नाही, हे बघायला तिथे कुणी उभं नसतं.

वाचणाऱ्याचंही तसंच. अमेरिकेत मॅमोग्राम वाचत राहायचं तर डॉक्टरला दोन वर्षांत 960 तरी वाचावे लागतात. ब्रिटनमध्ये वर्षाला 5000, आणि तिथे स्क्रीनिंगचा प्रत्येक मॅमोग्राम दोन जण वाचतात. सकाळी गुडघे, दुपारी छाती आणि मधेच एखादा मॅमोग्राम वाचणाऱ्याची नजर तशी तयार होईल? मला नाही वाटत.

आता कुणी म्हणेल, इतकं सगळं असेल तर मॅमोग्रामच नको. थांबा. मशिनशिवायही क्वालिटी असते, हे मुंबईनेच दाखवलंय. टाटा मेमोरियलने 1998 पासून मुंबईच्या वस्त्यांमधल्या दीड लाखाहून जास्त बायकांचा वीस वर्षं अभ्यास केला. निम्म्या जणींचे स्तन ट्रेनिंग दिलेल्या आरोग्यसेविका दर दोन वर्षांनी नुसत्या हातांनी तपासायच्या. या सेविका डॉक्टर नव्हत्या, नर्सही नव्हत्या. निकाल 2021 मध्ये आला. कॅन्सर आधीच्या टप्प्यावर सापडत होते. एकूण मृत्यूंमध्ये ठामपणे सांगता येईल इतका फरक पडला नाही, पण पन्नाशीपुढच्या बायकांमध्ये मृत्यू जवळजवळ 30 टक्क्यांनी घटले. यामागे कुठलंही महागडं मशिन नव्हतं, नीट शिकवलेले हात होते. सरकारच्या 2016 च्या कार्यक्रमातही 30 ते 65 वयाच्या बायकांची पाच वर्षांतून एकदा अशी हातानेच तपासणी करायची असं ठरलंय. ती किती जणींपर्यंत पोचते, हा वेगळ्या लेखाचा विषय.

आणि हो, उत्तम मॅमोग्रामही सगळं पकडत नाही. साधारण आठातला एक कॅन्सर त्यातूनही निसटतो. स्तन दाट असतील तर जास्तच, कारण दाट भागही पांढरा आणि गाठही पांढरी. अमेरिकेत सप्टेंबर 2024 पासून ही दाटी प्रत्येकीला कळवणं सक्तीचं आहे. उलट बाजूने, काही नसताना 'पुन्हा या' म्हणून टेन्शनही मिळतं. तेव्हा गाठ हाताला लागत असेल, तर रिपोर्ट नॉर्मल असला तरी आणि वय माझ्याएवढं असलं तरी डॉक्टरला दाखवायचंच. आपल्या वयात पहिली बहुतेक सोनोग्राफीच करतात. रिपोर्टवरचा 'बायरॅड्स' आकडाही बघा. तिथे 0 म्हणजे काळजी शून्य असं नाही. 0 म्हणजे तपासणी अपुरी, अजून चित्रं हवीत. मावशीच्या भिशीतल्या एकीने शून्य बघून पेढे वाटले होते!

मावशीची सगळी धावपळ बघून मी आईसाठी पुण्यातल्या पाच सेंटर्सना फोन लावले. प्रश्न साधेच. मशिन डिजिटल आहे का? टेक्निशियन बाई आहेत का, रोज किती मॅमोग्राम होतात? कोण वाचतं? जुन्या फिल्मशी तुलना करतात का? दोघांनी होल्डवर ठेवून गाणं ऐकवलं. एकाने सरळ पॅकेजचा रेट सांगायला सुरुवात केली. चौथी रिसेप्शनिस्ट प्रेमाने म्हणाली, ''मॅडम, तुम्ही घाबरू नका, आमच्याकडे रिपोर्ट नॉर्मलच येतो.'' पाचव्या ठिकाणी खुद्द टेक्निशियननेच फोन घेतला आणि माझ्याआधी तिनेच विचारलं, ''आईंच्या आधीच्या फिल्म्स आहेत का? असतील तर सगळ्या आणा. पावडर लावू नका. आणि थोडं दुखेल, आधीच सांगते.''

गुरुवारची साडेअकराची अपॉइंटमेंट आहे.